त्याच्याबद्दल विचारायला आलेल्या बायका

त्या दोघी आल्या तेव्हा मला वाटलं, मलाच बघायला आल्या.

हसू नका. नवऱ्यापासून सुटून पाच वर्षं झालेल्या बाईच्या दारात भर दुपारी दोन अनोळखी बुरखेवाल्या बायका मिठाईचा डबा घेऊन उभ्या राहिल्या, तर तिनं दुसरं काय समजायचं? त्याआधी असं तीनदा झालं होतं. एकदा चार मुलांच्या बापासाठी, एकदा ज्याला बायकोपेक्षा नर्सच जास्त हवी होती त्याच्यासाठी, आणि एकदा पहिली बायको घरात असताना 'तीही राजी आहे' म्हणणाऱ्यासाठी. आमच्यात बाईनं दुसरा निकाह करण्यात काही कमीपणा नाही, उलट सवाब आहे, पुण्य आहे, असं सगळे सांगतात. फक्त तो सवाब कमवायला जे पुढे येतात ते असे.

घरमालकीण काकूंनाही तेच वाटलं. त्यांनी खालून हाक मारली, 'पाहुणे आले आहेत, चांगली ओढणी घे', आणि स्वतःच्या डब्यातली शंकरपाळी बशीत काढून वर पाठवली. काकूंचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इकडे रायपुरात आले. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी आणि माझी आठ वर्षांची मुलगी राहतो. खोली मागायला आले तेव्हा माझं नाव ऐकून त्या जरा थांबल्या होत्या. मग मी भाड्यावरून मराठीत घासाघीस केली आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांची नातवंडं मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. मराठीत भांडणारं कोणी घरात हवं होतं त्यांना.

माझं माहेर वऱ्हाडातलं. अब्बा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मास्तर होते, मी त्यांच्याच वर्गात शिकले. घरात आमची मोडकीतोडकी उर्दू आणि वऱ्हाडी यांची खिचडी. लग्न होऊन चोविसाव्या वर्षी रायपूरला आले. आता एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर सकाळच्या पाळीला बसते, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या चिडक्या माणसांची नावं लिहून घेते, आणि दोन वाजता घरी येते.

तर त्या दोघी. एक मुलीची आई, दुसरी खाला, म्हणजे मावशी. रायपूरजवळच्या अभनपुरहून आल्या होत्या. चहा झाला, माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी झाली, आणि मग खालानं बुरख्याची कड बोटाला गुंडाळत सांगितलं की त्यांच्या मुलीसाठी एक रिश्ता आला आहे. मुलगी सव्वीस वर्षांची, शाळेत कॉम्प्युटर शिकवते, पहिलं लग्न सात महिन्यांत मोडलं. मुलगा उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे.

मग तिनं त्याचं नाव घेतलं. मुलगा म्हणजे माझ्या मुलीचा बाप.

आई म्हणाली, 'बेटा, बुरा मत मानना. तुमसे ज़्यादा कौन जानेगा?'

आमच्यात ही रीत आहे. रिश्ता पक्का करण्याआधी तहकिकात करायची. शेजारी विचारायचं, मोहल्ल्यात विचारायचं, मशिदीत विचारायचं. पण सुटलेल्या बायकोकडे सहसा कोणी जात नाही, ती वाईटच बोलणार असं धरून चालतात. या दोघी आल्या, म्हणजे एकदा हात पोळलेल्या होत्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

मी काय सांगितलं? नमाज चुकवत नाही. दारू, गुटखा, सुपारीसुद्धा नाही. पगार घरी आणतो. हात कधी उचलला नाही, शिवी कधी दिली नाही. सगळं खरं. एक अक्षर खोटं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, फिर क्या हुआ था? आणि मी गप्प बसले. नशीब, असं काहीतरी पुटपुटले आणि शंकरपाळीची बशी पुढे सरकवली. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि त्यांचे खांदे सैल झाले. जाताना आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, एक नंबर लिहून दिला, म्हणाली तुझंही अल्लाह चांगलं करो.

त्या गेल्यावर मी शंकरपाळी खात बसले. सगळी खाल्ली. भूक नव्हती.

झालं होतं ते असं. तो शिफ्टला जाताना बाहेरून कडी घालून कुलूप लावायचा. उरल्याच्या बाजूला आमचं भाड्याचं घर होतं, रस्त्यावर दिवसरात्र ट्रक, खिडकीच्या गजावर काळी धूळ. तो म्हणायचा, वस्ती चांगली नाही, तुझ्याच भल्यासाठी. फोन त्याच्याजवळ. आवाज कधी चढवला नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी माहेरी कौतुकानं सांगायचे की हे माझी किती काळजी घेतात. पुढे सांगायचं बंद केलं. मुलगी अडीच वर्षांची असताना एका दुपारी तिला ताप चढला आणि झटका आला. दात घट्ट आवळलेले, डोळे वर. मी खिडकीतून ओरडत होते. समोरच्या बाईनं झोपलेल्या नवऱ्याला उठवून कुलूप तोडायला लावलं, म्हणून आम्ही दवाखान्यात पोचलो. संध्याकाळी हा आला, तुटलेलं कुलूप बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला की घरात कोण माणूस शिरला होता. दुसऱ्या दिवशी नवीन कुलूप घेऊन आला.

मी खुला मागितला. खुला म्हणजे बायकोनं स्वतः मागून घेतलेली सुटका. बुजुर्गांची बैठक बसली, त्यात ठरलं की मुलगी माझ्याजवळ राहील, पण रायपुरातच. एक आड एक इतवार बाप तिला दहा वाजता नेईल आणि पाचला आणून सोडेल. आणि दोघांनी एकमेकांचे ऐब बाहेर बोलायचे नाहीत. हे शेवटचं त्याचं म्हणणं होतं. तो अगदी हळू म्हणाला होता, ती माझी इज्जत सांभाळेल तोवर मी मुलीसाठी कोर्टात जाणार नाही. शब्दाचा पक्का आहे तो. पाच वर्षांत एकदाही पाचचे सव्वापाच झाले नाहीत.

आता कळलं असेल मी शंकरपाळी का संपवली.

आठ दिवसांनी लॅबमध्ये एक ओळखीची बाई रक्त द्यायला आली आणि दंडाला कापूस दाबत म्हणाली, मोठं मन लागतं बाई, सुटलेल्या नवऱ्याची सिफारिश करायला. मला आधी समजेना. मग कळलं, अभनपुरला सगळीकडे झालं होतं की पहिल्या बायकोनंच चांगलं सांगितलं. सुटलेली बायको वाईट बोलली तर कोणी मनावर घेत नाही, पण ती वाईट बोलली नाही तर त्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. माझ्या गप्प बसण्यावर शिक्का मारून त्यांनी तारीख काढायला घेतली होती.

त्या आठवड्यात मी काउंटरवर दोन नावं चुकीची लिहिली. घरी पोरीवर ओरडले. झोपताना डोळे मिटले की न बघितलेली ती मुलगी दिसायची, खिडकीशी उभी.

माझी मुलगी ज्या बाजींकडे, म्हणजे ताईंकडे, कुराण शिकायला जाते त्यांना मी विचारलं. नाव न घेता, आडून आडून. त्या सगळं समजल्या. पाठीमागे कुणाचं वाईट बोलणं गुनाह आहे हे मी लहानपणापासून ऐकलेलं. बाजी म्हणाल्या, रिश्त्यासाठी कोणी विचारलं तर ते त्यात येत नाही. तिथे लपवणं हीच फसवणूक. पण जेवढी गरज आहे तेवढंच सांगायचं, एक दाणा जास्त नाही, आणि सांगताना मनात बदला नको. मी घरी येताना रस्ताभर मन तपासत होते. बदला होता का? होता थोडा. खोटं कशाला बोलू.

काकूंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून बसल्या. 'तू काहून पडून राहिली त्याच्यात? तुले तुही पोट्टी पाहाची आहे का दुसऱ्याची?' म्हणाल्या, ज्याचं त्याचं नशीब. हात दाखवून अवलक्षण करू नको. त्यांचं बोलणं मला पटलं, अगदी मनापासून पटलं. दोन दिवस मी त्यावरच काढले.

मग तिसऱ्या दिवशी अब्बांना फोन केला. सहज म्हणून विचारलं, माझ्या वेळी तुम्ही त्याची चौकशी कुणाकडे केली होती? ते बराच वेळ घसा खाकरत राहिले. मशिदीत विचारलं होतं, म्हणाले. सगळे म्हणाले पोरगा पहिल्या रांगेत असतो. अब्बांना मनातलं बोलायचं असलं की ते वऱ्हाडीवर येतात.

'एक जण म्हणे, थोडा कडक हाय. मले वाटलं, कडक हाय म्हणजे जबाबदार असन.'

बारा वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी रागावले नाही, म्हणजे फोनवर नाही. फोन ठेवल्यावर इतकी रागावले की उभ्याउभ्या सगळी भांडी पुन्हा घासली. कोणीतरी सांगितलं होतं. पण सांगणाऱ्यानं अर्धं सांगितलं, सभ्य शब्दात सांगितलं, आणि ऐकणाऱ्यानं ते गुण म्हणून घेतलं. त्या माणसानं 'बाहेरून कुलूप लावेल' असं म्हटलं असतं तर? त्याला तेव्हा माहीत नसेलही. मला मात्र माहीत होतं.

मी त्या नंबरवर फोन लावला आणि मुलीशी बोलायचं आहे म्हटलं. आई गडबडली. मुलीनं स्वतःच फोन घेतला आणि म्हणाली, हव, आ जाइए.

अभनपुरच्या बसमध्ये मी दोनदा उतरायला उठले. एकदा तर कंडक्टरनं घंटीही मारली होती. पोर शाळेत होती, तिचा डबा मी सकाळी जरुरीपेक्षा जास्त भरला होता, काय माहीत का. मनात एकच चाललं होतं: मी जाते आहे दुसऱ्याची मुलगी वाचवायला आणि माझी हातची जाईल. तेलही गेलं, तूपही गेलं.

त्यांचं घर धान्याच्या दुकानाच्या मागे. मुलगी सडपातळ, चष्मा लावणारी, बोलण्यात सरळ. तिनं आईला चहाच्या निमित्तानं आत पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मी वाक्यं पाठ करून गेले होते. जेवढी गरज तेवढंच. कुलूप, फोन, तो ताप, तो पहिला प्रश्न, ते नवीन कुलूप. पाच मिनिटांत झालं. माझा संसार पाच मिनिटांत सांगून होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

ती म्हणाली, 'मेरे वाले तो हाथ उठाते थे, बाजी. ये सिर्फ ताला लगाते हैं.'

मला वाटलं होतं ती रडेल, घाबरेल, नाहीतर मला खोटी म्हणेल. हे मी धरलंच नव्हतं. एकदा मोडलेल्या मुलीपुढे कसली माणसं आणून बसवतात हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार, आणि तरी मी धरलं नव्हतं. तिनं दोन माणसं शेजारी शेजारी ठेवून बघितली होती आणि त्यातला हा बरा निघत होता. मला तिचा रागही आला. एवढा जीव टांगणीला लावून मी आले आणि ही तुलना करते आहे.

'मारलेलं दाखवता तरी येतं,' मी म्हटलं. 'मला लोक अजून विचारतात, एवढं झालं तरी काय होतं?'

तिनं चष्मा काढून पुसला. मग विचारलं, मी नकार देऊ का? ते मी कसं सांगणार? इस्तिखारा कर म्हटलं, अल्लाहकडे वाट माग. पण एक गोष्ट बाजींनी मला सांगितली होती ती तिला सांगितली. निकाहनाम्यात बाईला आपल्या शर्ती लिहून घेता येतात. आपल्याकडे कोणी लिहीत नाही, कारण लग्नाआधीच शर्ती घालणारी मुलगी भांडकुदळ ठरते. तू लिहून माग की नोकरी चालू राहील, आणि घराची एक चावी तुझ्याकडे राहील. ती हसली. चावी कोणी निकाहनाम्यात लिहितं का, म्हणाली. तिची आई चहा घेऊन आली आणि आम्ही पावसापाण्याचं बोललो.

दहा दिवसांनी तिचा फोन आला. बैठक झाली होती. नोकरीला तो हो म्हणाला. ईदला माहेर, हो. चावीचं नाव निघालं तेव्हा मोठी माणसं हसली, त्याचे मामा म्हणाले लिहा हो, एका चावीचं काय. तो हसला नाही. त्यानं विचारलं की हे हिच्या डोक्यात कोणी घातलं. मग तो उठला, सगळ्यांना सलाम केला आणि निघून गेला. बात खत्म, ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती की नाही, मला ओळखता आलं नाही. माझं नाव तिनं घेतलं नव्हतं, पण तो काही बुद्धू नाही.

तो फोन गुरुवारी आला. इतवार त्याचा होता.

इतवारी बरोबर दहाला तो खाली येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात पोरीसाठी पेरू. मी तिच्या वेणीला रबर लावत खाली आले. त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, 'अभनपुर तुम गई थीं?'

संसारात असताना अशा प्रश्नाला मी कधी उत्तर दिलं नव्हतं. मान खाली घालून उभी राहायचे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. या वेळी हो म्हटलं. विचारायला आले होते, म्हणून सांगितलं, जेवढं झालं तेवढंच. पायऱ्यांचा कठडा धरून उभी होते. तो 'अच्छा' म्हणाला. पोरीचा हात धरला आणि गेला.

पाच वाजले. सव्वापाच वाजले. मी खाली येऊन काकूंच्या ओसरीवर बसले. काकू माळ ओढत होत्या, त्यांनी ती ठेवून दिली आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. साडेपाचला फोन लावला, बंद. पावणेसहाला पुन्हा बंद. कुणी म्हणतं खरं बोललं की मन हलकं होतं. माझं झालं नाही. त्या तासाभरात मला पश्चात्ताप झाला, हे मी इथे लिहून ठेवते. त्यानं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून म्हटलं असतं की सगळं खोटं होतं असं अभनपुरला सांग, तर मी चपला न घालता गेले असते. ती चष्मेवाली मुलगी, बाजी, गुनाह, सवाब, काहीही आठवत नव्हतं. फक्त गल्लीचं तोंड दिसत होतं.

सव्वासहाला पोर एकटीच आली. त्यानं तिला कोपऱ्यावर सोडलं होतं. हातात अर्धा पेरू, ओठांवर मीठ. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. काकू आत गेल्या.

वर आल्यावर पाय धुताना तिनं सांगितलं, अब्बूंनी विचारलं की माझ्याकडे राहायला येशील का, नेहमीसाठी. वकीलसाहेबांसमोर सांगावं लागेल.

मी पाण्याचा मग खाली ठेवला. तू काय म्हणालीस?

'हाँ बोल दिया,' ती म्हणाली. 'वो रो रहे थे ना.'

माझ्या निकाहाच्या दिवशी निकाहाचे वकील, म्हणजे मुलीचा होकार काझीपर्यंत नेणारे, आणि दोन गवाह माझी रजामंदी विचारायला आत आले, तेव्हा अब्बा दारात उभे राहून रुमालानं डोळे पुसत होते. मला विचारलं, कबूल आहे? त्याआधीच्या रात्रभर मला सांगायचं होतं की मला भीती वाटते, थोडे दिवस थांबा. मी अब्बांकडे बघितलं आणि हो म्हणाले. एवढं एकच कारण होतं, दुसरं काही नाही.

पोरीवर ओरडायला माझ्याजवळ तोंडच नव्हतं. तिचे पाय पुसले, तिला मांडीवर ओढून घेतलं, आता मावत नाही तरी. विचारलं, ते रडत नसते तर काय म्हणाली असतीस?

ती विचार करायला लागली. मी काही सुचवलं नाही, थांबले.